बादली की ब्रश?

खंडेनवमीला पुसून, हळदकुंकू लावून ठेवलेलं घरचं मिलिंग मशीन दिवाळीच्या गडबडीत तसंच राहतं. भाऊबीज उरकते, पाहुणे पांगतात, आणि एखाद्या सकाळी मागच्या पडवीतल्या शेडचं दार उघडलं की पहिली खबर नाकाला लागते. सडक्या अंड्याचा वास. घरची मंडळी उंदीर मेला असेल म्हणून कोपरे धुंडाळतात. उंदीर बिचारा निर्दोष असतो. गुन्हेगार मशीनखालच्या बादलीत असतो: दसऱ्याआधी हौसेनं कालवलेलं, तेव्हा दुधासारखं पांढरं दिसलेलं कुलंट (कापताना धातूवर सोडायचं तेलमिश्रित पाणी) आता करडं पडलेलं असतं, आणि त्यावर तपकिरी तेलाची साय धरलेली असते.

मोठ्या कारखान्यांत हाच वास सोमवारी सकाळी येतो. रविवारभर पंप बंद, पाणी निश्चल, आणि वर तरंगणाऱ्या तेलाच्या थरामुळे आत हवा शिरायला वाव नाही. अशा कोंडलेल्या पाण्यात गंधकाच्या क्षारांवर जगणारे जिवाणू फोफावतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. कारखान्यात पंप सुरू झाला, पाणी खेळू लागलं की वास हळूहळू विरतो. घरच्या मशीनला मात्र आठवड्यातले सहा दिवस रविवारच असतो. घरगुती मिलिंगच्या कुलंटचं सगळं दुखणं इथे आहे. त्यावरचा बहुतेक सल्ला तीन पाळ्यांत चालणाऱ्या मशीनसाठी तयार झालेला असतो. तो शनिवारी संध्याकाळी दोन तास चालणाऱ्या मशीनला लावला की अंगाशी येतो.

घरच्या मशीनला कुलंटची बादली लावावी की ब्रशनं भागवावं, हा प्रश्न पडणारी माणसं जबलपुरात चार जास्त भेटली तर नवल नाही. या शहरानं शतकाहून अधिक काळ लोखंड कापलं आहे. १९०४मध्ये इथे गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. नावाप्रमाणे तिचं मूळ काम तोफांचे गाडे बनवण्याचं. एकशे पंधरा वर्षांनी, ८ एप्रिल २०१९ रोजी, १५५ मिलिमीटरच्या पहिल्या सहा ‘धनुष’ तोफा लष्कराच्या हवाली झाल्या, त्या इथूनच. दुसऱ्या महायुद्धात खमरियाची दारूगोळ्याची फॅक्टरी आली, १९६९मध्ये व्हेइकल फॅक्टरी आली आणि तिथून ‘शक्तिमान’ ट्रक नि ‘जोंगा’ गाड्या बाहेर पडू लागल्या. जोडीला ग्रे आयर्न फाउंड्री. त्याआधी १९४७मध्ये सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालंच होतं. शहरातल्या रांझीच्या बाजूला घरटी एक माणूस ‘फॅक्टरीत’ असण्याचा काळ फार जुना नाही.

मराठी माणूस इथे त्याहून जुना. १७८१मध्ये हा मुलूख सागरच्या मराठ्यांकडे आला, १७९८मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे कचेऱ्या, शाळा, रेल्वे यांच्या निमित्तानं जाणंयेणं चालूच राहिलं, आणि मग कारखाने. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि मशीनपुढे उभं राहिलं की ‘फीड’, ‘जॉब’, ‘व्हाइस’, ‘चिप्स’ अशी तिसरीच बोली.

आता या जगात एक नवा पाहुणा आला आहे: टेबलावर मावणारं छोटं मिलिंग मशीन. चिनी बनावटीचं, पन्नास-साठ किलो वजनाचं, साडेतीनशे ते पाचशे वॉटच्या मोटरचं. कुणी त्याऐवजी राजकोटचं ड्रिल-कम-मिल घेतं, कुणी गुरंदी बाजारातल्या जुन्या सामानातून कॉलम नि टेबल जमवून स्वतःच मशीन उभं करतं. या मशीनवर वाफेच्या इंजिनाची छोटी प्रतिकृती बनते, जुन्या स्कूटरचा न मिळणारा भाग बनतो, दुर्बिणीचा स्टँड बनतो. आयुष्यभर फॅक्टरीत शंभर लिटरच्या टाकीतून धो धो पडणारं कुलंट पाहिलेल्या माणसाला या कोरड्या मशीनकडे बघून काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. मग बादली येते.

ती यावी का, हे ठरवण्याआधी कुलंट नेमकं करतं काय, ते पाहायला हवं. त्याची गोष्ट तोफेपासूनच सुरू होते.

१७९८मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे काउंट रम्फर्डचा एक निबंध वाचला गेला. म्युनिकच्या तोफखान्यात पितळी तोफांना भोक पाडताना धातू इतका का तापतो, हे त्याला कळेना. त्यानं मुद्दाम बोथट हत्यार घेतलं, तोफेचा तुकडा पाण्याच्या पेटीत बसवला आणि घोड्याच्या बळावर फिरवायला लावला. पेटीत साधारण साडेआठ लिटर पाणी होतं. अडीच तासांनी ते उकळू लागलं. खाली जाळ नाही, निखारा नाही, आणि पाणी खदखदतंय. बघ्यांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य त्यानं निबंधात आवर्जून नोंदवलं आहे. उष्णता म्हणजे धातूत दडलेला एखादा पदार्थ नव्हे, ती गतीतून निपजते, या विचाराला त्या पेटीनं बळ दिलं. कारागिराच्या दृष्टीनं त्याचा अर्थ साधा: मोटर जेवढी ताकद कापण्यात घालवते, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते.

ती उष्णता पळवायची कशी, याचा पद्धतशीर हिशेब फ्रेडरिक टेलरनं मांडला. कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारा म्हणून बदनाम झालेला हाच तो टेलर. पण धातू कापण्यावर त्यानं सव्वीस वर्षं प्रयोग केले, हे कमी लोकांना ठाऊक असतं. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल स्टील कंपनीत १८८०च्या दशकात त्याच्या ध्यानात आलं, की हत्याराच्या टोकाशी पाण्याची जाड धार सोडली तर कापण्याचा वेग तीस ते चाळीस टक्के वाढवता येतो. लोखंड गंजू नये म्हणून त्या पाण्यात धुण्याचा सोडा. प्रत्येक मशीन एका लोखंडी परातीत उभं, परातीतलं पाणी पुन्हा टाकीत. आजच्या कुलंटच्या व्यवस्थेचा सगळा सांगाडा तिथे तयार होता. हे निष्कर्ष त्यानं १९०६मध्ये अमेरिकेतल्या यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडले. गन कॅरेज फॅक्टरी तेव्हा दोन वर्षांची होती.

टेलरनं मॉन्सेल व्हाइटबरोबर आणखी एक गोष्ट जगाला दिली: हायस्पीड स्टील. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात त्या पोलादाचं हत्यार लाल होऊनही लोखंड कापत राहिलं आणि जाणकार थक्क झाले. घरच्या मिलिंगवर चढणारा साधा एंडमिल याच घराण्यातला. तो सहाशे अंशांपर्यंत कडकपणा टिकवतो. हे लक्षात ठेवलं की पुढचा हिशेब सोपा होतो.

साडेतीनशे वॉटची मोटर. ती तासभर पूर्ण ताकदीनं कापत राहिली तर निघणारी उष्णता दहा लिटर पाण्याचं तापमान तीस अंशांनी वाढवेल. पण हौशी माणूस तासभर सलग, पूर्ण ताकदीनं कधी कापत नाही. तो मोजतो, हँडल फिरवतो, चष्मा पुसतो, पुन्हा मोजतो. मशीनही तेवढा ताण सोसत नाही. कॉलम थरथरू लागतो. खरं कापणं सरासरी शंभर वॉटच्या आसपास धरलं तर दर मिनिटाला सहा किलोज्यूल उष्णता. एक मिलिलिटर पाणी वाफ होऊन उडताना सुमारे सव्वादोन किलोज्यूल घेऊन जातं. म्हणजे फवाऱ्याच्या बाटलीतून मिनिटाला अडीच-तीन मिलिलिटर द्रव योग्य जागी पडला आणि उडाला, तरी ती सगळी उष्णता आटोक्यात येते. प्रत्यक्षात बराचसा द्रव वाया जातो आणि बरीचशी उष्णता चिप्सच घेऊन जातात, म्हणून हिशेब ढोबळच. तरी त्याचा रोख स्पष्ट आहे. माठ ज्या कारणानं पाणी गार करतो, कुलर ज्या कारणानं खोली गार करतो, त्याच कारणानं इथे बाटली पुरते.

मग कारखान्यात धार कशाला? कारण तिथे पाच-दहा किलोवॉट सलग ओतले जातात, आणि कारण धारेचं दुसरं काम चिप्स वाहून नेण्याचं असतं. खोल भोकांत तर तेच पहिलं काम. बंदुकीच्या नळीसाठी जन्मलेल्या गनड्रिलमध्ये हत्याराच्या पोटातूनच दाबानं तेल सोडतात; ते परत येताना चिप्स घेऊन येतं. तेल थांबलं तर ड्रिल काही क्षणांत अडकून मोडतं. घरच्या मशीनवर चिप्स काढायला जुना रंगाचा ब्रश असतो. तो मात्र फिरत्या कटरच्या मागच्या बाजूनं, चिप्स जिथून बाहेर पडतात तिथून लावायचा. पुढून लावला तर कटर केस ओढून घेतो आणि जॉबवर केसांसकट नक्षी उमटते.

गार करणं आणि चिप्स वाहून नेणं, ही दोन कामं घरी अशी किरकोळीत निघाली. तिसरं उरतं: वंगण. खरी निवड इथे असते, आणि ती धातूवर ठरते.

ॲल्युमिनिअम दिसायला गरीब, पण कटरला चिकटण्यात पटाईत. कोरडं कापायला घ्यावं आणि दोन मिनिटांत आवाज बदलावा: आधी सळसळ, मग घरघर, मग एकदम किंचाळी. मशीन थांबवून पाहिलं तर एंडमिलच्या खाचेत ॲल्युमिनिअम असं थापलेलं असतं, जणू कुणी दातात चिक्की अडकवली आहे. धार झाकली गेलेली, आणि कटर आता कापत नसून धातू रगडतोय. अशा वेळी थंडावा कामाचा नसतो, हवा असतो तो चिकटू न देणारा एक पातळ थर. त्यासाठी रॉकेलचा एक थेंब पुरतो, म्हणून जुने कारागीर ॲल्युमिनिअमला रॉकेलच लावत आले. ‘डब्ल्यूडी-४०’चा फवाराही इथे त्याच जातकुळीचं काम करतो, पाणी हटवण्यासाठी केलेल्या चाळिसाव्या मिश्रणावरून त्याला हे नाव पडलं.

पण जबलपुरात रॉकेलची एक भानगड आहे. त्याच्या वाफेला ठिणगीनं पेट घेता येईल असं तापमान पस्तीस-चाळीस अंशांच्या आसपास सुरू होतं. जानेवारीत रॉकेलची बाटली तशी निरुपद्रवी. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो, शेजारी मोटरच्या ब्रशमधून ठिणग्या उडत असतात, आणि त्याच वेळी कुणी रॉकेल फवारतं. थंड प्रदेशातल्या पुस्तकांत हा धोका ठळक लिहिलेला नसतो, कारण तिथे तो दिवस उजाडतच नाही. उन्हाळ्यात इथे ॲल्युमिनिअमला पाण्यात मिसळणारं सोल्युबल ऑइल, पाच टक्क्यांचं, बाटलीतून फवारावं, हे बरं.

पितळ कोरडंच कापावं; त्याच्या बारीक दाणेदार चिप्स आपोआप उडतात. गंधकयुक्त कटिंग ऑइल तर पितळेला नि तांब्याला चुकूनही लावू नये, काळे डाग पडतात आणि ते पॉलिशशिवाय जात नाहीत. ओतीव लोखंडही कोरडंच. ज्या ग्रे आयर्नवरून इथल्या फाउंड्रीला नाव मिळालं, त्याच्या पोटातच ग्राफाइटच्या पापुद्र्यांचं वंगण असतं. त्याच्या भुकटीत तेल-पाणी कालवलं की काळा चिखल होतो आणि तो मशीनच्या घसरत्या पट्ट्यांना पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. कोरड्या भुकटीसाठी व्हॅक्यूम क्लीनर आणि तोंडाला मास्क.

माइल्ड स्टीलला मात्र ओल हवी. दहा मिलिमीटरचा हायस्पीड एंडमिल, मिनिटाला पंचवीस मीटर कापण्याचा वेग धरला तर स्पिंडलचे साधारण आठशे फेरे. याहून जोरात पळवून मग कुलंट ओतणं म्हणजे दूध उतू जाऊ देऊन गॅस पुसत बसणं. चिप्सचा रंग हाच इथला तापमापक. पोलाद सव्वादोनशे अंशांच्या आसपास गवती पिवळं होतं, तीनशेच्या आसपास निळं. हायस्पीड कटरखालून निळ्या चिप्स येऊ लागल्या की आधी फेरे कमी करायचे, मग बाटली शोधायची. स्टेनलेसला गंधकाचं घट्ट तेल ब्रशनं लावावं. आटे पाडायचे असतील तर टॅपला कारागीर खोबरेल लावतात, आणि ते खरोखर चांगलं चालतं. फक्त चोविसेक अंशांखाली ते गोठतं, म्हणून डिसेंबरात टॅप मारण्याआधी डबी उन्हात ठेवावी लागते.

कार्बाइडचा कटर असेल तर पोलादावर शिंपडाशिंपडी नकोच. मिलिंगमध्ये प्रत्येक दात फेऱ्यागणिक धातूत शिरतो, तापतो, बाहेर येतो. बाहेर येताच अंगावर गार पाणी पडलं की तापलेल्या काचेच्या ग्लासाचं होतं तेच त्याचं होतं: धारेला आडव्या बारीक चिरा जातात, आणि एक दिवस टवका उडतो. कार्बाइडला एकतर पूर्ण, अखंड धार द्यावी किंवा पूर्ण कोरडं ठेवून हवेनं चिप्स उडवाव्यात. घरी दुसरंच शक्य असतं.

संगमरवरी खडकांचं भेडाघाट इतकं जवळ असल्यावर एखाद्याला संगमरवराचा तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा मोह होतोच. दगडाला पाणी लागतं ते मुख्यतः धूळ बसवायला, आणि ती ओली दगडी पेज टेबलाखालच्या स्क्रूमध्ये गेली की मशीनचं आयुष्य निम्म्यावर येतं. तो मोह आवरावा.

एवढं ऐकूनही बादली हवीच, असं म्हणणारे असतात. त्यांचं सगळंच चुकतं असं नाही. लांब, जाड पोलादी पट्टीवर तासन्‌तास काम असेल, मशीनला संगणकी हात बसवले असतील आणि ते एकटं चालणार असेल, तर दर मिनिटाला ब्रश कोण फिरवणार? अशा वेळी धार लागते, आणि तिचं सामान जबलपूरच्या कुठल्याही घरात पावसाळ्यापासून माळ्यावर पडून असतं: कुलरचा पंप. अठरा-वीस वॉटचा हा छोटा पाणबुडा पंप मिलिंगच्या टेबलापर्यंत पाणी सहज चढवतो. बाकी पत्रेवाल्याकडून दोन इंच काठाची जस्ती पत्र्याची परात करून घ्यायची. तिला एका कोपऱ्याकडे किंचित उतार, कोपऱ्यात सिंकची जाळी. वर जाणारी नळी बोटापेक्षा बारीक चालते, परतीची मात्र इंचभर जाड हवी. वर पंप ढकलतो, खाली फक्त उतार असतो, आणि वाटेत चिप्स असतात. ही एक गोष्ट चुकली की परात भरते, काठावरून सांडते आणि फरशीवरून दुधाचा ओघळ स्वयंपाकघराकडे निघतो.

बादलीपेक्षा झाकणाचा आयताकृती डबा बरा. मधोमध आडवी फळी बसवून त्याचे दोन कप्पे करावेत. परतीचं पाणी पहिल्या कप्प्यात पडतं, गाळ तिथे बसतो, आणि फळीवरून ओसंडलेलं स्वच्छ पाणी दुसऱ्या कप्प्यात येतं. पंप दुसऱ्यात, तोही तळाला टेकवून नव्हे. खाली विटेचा तुकडा. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक पिशवीत घालून पहिल्या कप्प्यात सोडलं तर लोखंडाचा बारीक कीस त्यालाच चिकटतो आणि पिशवी उलटी केली की सुटून येतो.

कुलरचा पंप साध्या पाण्यासाठी केलेला असतो, २३० व्होल्टवर चालतो, आणि इथे तो विजेला वाट देणाऱ्या द्रवात बुडलेला असतो. अर्थिंग पक्कं हवं आणि त्या प्लगच्या मागे तीस मिलिअँपिअरचं गळतीरोधक स्विच हवं. यात काटकसर नको. छोट्या मशीनच्या वेगनियंत्रणाचं सर्किटही बहुधा कॉलमच्या मागेच डबीत असतं, आणि तिला पाण्यापासून वाचवायचा विचार बनवणाऱ्यानं केलेला नसतो. आधी प्लास्टिकचा पडदा, मग पंपाची कळ.

कालवण्याचं काम सोपं वाटतं आणि तिथेच पहिल्यांदा फसगत होते. दहा लिटर पाण्याला अर्धा लिटर सोल्युबल ऑइल, हे सर्वसाधारण पाच टक्क्यांचं प्रमाण. ‘सर्वोकट’, ‘कूलकट’ यांसारखी देशी नावं तेल कंपन्यांच्या विक्रेत्यांकडे मिळतात. क्रम असा: बादलीत आधी पाणी, मग पाणी ढवळत ढवळत तेलाची बारीक धार. गडद तपकिरी तेल पाण्याला लागताच पांढरा ढग फुटतो, पसरतो, आणि चार-पाच वेढ्यांत सगळं एकसारखं दूध होतं. क्रम उलटला, तेलावर पाणी ओतलं, तर चक्क्यासारखा घट्ट गोळा होतो. तो कितीही घुसळला तरी नीट फुटत नाही. जमलं की नाही, हे पाहायला काचेच्या बाटलीत थोडं भरून रात्रभर ठेवायचं. सकाळी वर पातळशी साय असेल तर ठीक. तेलाचे डोळे तरंगत असतील किंवा फाटल्या दुधासारखे कण दिसत असतील तर दोष बहुधा पाण्याचा.

पाण्याचा दोष ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते कुलंटलाही जड. लिटरमागे शंभरेक मिलिग्रॅम कठीणपणा चालतो. दोनशेच्या वर गेला की त्यातलं कॅल्शिअम नि मॅग्नेशिअम तेल बांधून ठेवणाऱ्या साबणासारख्या घटकालाच धरतं आणि दूध फाटतं. जबलपूरच्या नळाला नर्मदेचं, परियटचं, खंदारीचं पाणी येतं. विंधनविहिरीचं पाणी त्याहून जड असण्याचीच शक्यता जास्त. पण खरी गंमत पुढे आहे. मे महिन्यात डब्यातलं पाणी उडतं, क्षार मागे राहतात. वर पुन्हा जड पाणी घातलं की आणखी क्षार. कुलरच्या टट्ट्यांवर उन्हाळा संपताना जो पांढरा खरखरीत थर दिसतो, तोच इथे कुलंटच्या पोटात साठत असतो. म्हणून भर घालायची ती आरओच्या किंवा एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या मऊ पाण्याची, आणि त्यात तेल एक-दोन टक्केच. उडालेलं असतं ते पाणी, तेल जागेवरच असतं. पहिलं कालवण मात्र निव्वळ आरओच्या पाण्यात केलं तर फेस फार येतो.

प्रमाण नेमकं मोजायचं असेल तर नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदाराच्या खिशातलं उपकरण उसनं घ्यावं. मण्याचा रस टाकून गोडी मोजायचा जो हातातला रिफ्रॅक्टोमीटर, तोच कुलंटला चालतो. काचेवर एक थेंब, झाकण बंद, उजेडाकडे धरायचं. निळ्या-पांढऱ्याची सीमा जिथे दिसेल तो आकडा, आणि त्याला तेलाच्या डब्यावर दिलेल्या गुणकानं गुणायचं. आकडा तीनच्या खाली आला की पहिली तक्रार गंज करतो. ती पावसाळ्यात सगळ्यात लवकर येते. जुलैच्या दमट रात्री व्हाइसखाली कुलंट अडकून राहिलं तर सकाळी टेबलावर व्हाइसचा तांबडा ठसा उमटलेला असतो, आणि तो जन्मभर राहतो. काम संपलं की व्हाइस उचलायचा, पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा. कुलंट मशीनच्या पट्ट्यांवरचं वंगण धुऊन नेतं, हेही विसरायला नको. त्याच धुऊन गेलेल्या तेलाची पुढे डब्यात साय होते आणि जिवाणूंना छप्पर मिळतं.

ती साय जुन्या सुती फडक्यानं टिपून घेणं आणि बंद दिवसांत माशांच्या टाकीतला छोटा हवापंप डब्यात सोडून ठेवणं, हे वासावरचे दोन साधे उपाय. हवेत जगू न शकणारे जिवाणू त्या बुडबुड्यांनी हटतात. फिनेल, ब्लीचिंग पावडर यांचा मारा करू नये. क्लोरिननं दूध फाटतं आणि लोखंड गंजतं. जुन्या नुसख्यांत सोडियम नायट्राइट सुचवलेलं आढळतं, तेही टाळावं. काही घटकांशी त्याचा संयोग होऊन कर्करोगाशी जोडलेली नायट्रोसमाइनं बनतात, म्हणून अमेरिकेत १९८४मध्ये अशा कटिंग द्रवांत नायट्राइट मिसळण्यावर बंदी आली.

तब्येतीचं आणखी एक. काँप्रेसरच्या हवेनं धुकं फवारणारी नळी हौशी मंडळींत फार लोकप्रिय आहे, कारण ती दिसते झकास. पण ते धुकं बंद शेडमध्ये तरंगत राहतं आणि नाकावाटे फुप्फुसांत जातं. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेनं १९९८मध्ये अशा धुक्याची मर्यादा घनमीटरमागे अर्धा मिलिग्रॅम सुचवली होती. पत्र्याच्या छोट्या खोलीत ती ओलांडायला वेळ लागत नाही. हातानं दाबायच्या बाटलीचे थेंब जाड असतात, ते खाली पडतात. हातांना खाज, पुरळ येत असेल तर काम झाल्यावर साबणानं धुवावेत, रॉकेलनं नव्हे. आणि त्वचा वाचवायची म्हणून फिरत्या कटरजवळ हातमोजे कधीच घालायचे नाहीत. मोज्याचा धागा अडकला की मागोमाग बोटं जातात.

म्हणून शनिवार-रविवारी मशीन चालवणाऱ्याला बादली घेण्याचं कारण क्वचितच असतं. त्याच्या फळीवर तीन गोष्टी पुरतात: पाच टक्के दुधाची पाव लिटरची फवारा बाटली, घट्ट कटिंग ऑइलचा छोटा डबा आणि ब्रश. बाटलीवर चिकटपट्टी लावून कालवल्याची तारीख लिहायची. दोन-तीन आठवड्यांत वास बदलला तर नवं कालवायला पाव लिटरच लागतं. बादलीवाल्याला दहा लिटरचं काय करायचं, हा प्रश्न पडतो, आणि त्याचं सोपं उत्तर कुठेच नाही. वापरलेलं तेल २०१६च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. कारखान्याला ते नोंदणीकृत प्रक्रिया केंद्राकडे द्यावं लागतं, पण पाच-दहा लिटर घेऊन येणाऱ्या घरगुती माणसासाठी खिडकी नाही. मोरीत ओतलं की ते नाल्यात जातं, आणि शहरातला कुठलाही नाला शेवटी एखाद्या नदीलाच मिळतो.

इथे मात्र जबलपूरचा उन्हाळा उपयोगी पडतो. जुनं कुलंट कपड्यातून गाळून, मुलंबाळं नि गाईगुरं पोचणार नाहीत अशा गच्चीवर रुंद परातीत पसरून ठेवायचं. मेच्या उन्हात पाच लिटर पाणी काही दिवसांत उडून जातं. तळाशी पाव लिटर चिकट, तपकिरी तेल उरतं. ते बाटलीत भरून ओळखीच्या गॅरेजमध्ये न्यायचं आणि गाड्यांचं काळं ऑइल ज्या पिंपात जमा होतं, मालकाला विचारून त्यात ओतायचं.